वाक्याच्या टोकापर्यंत पोचणारा श्वास

पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाऊन वाचणारा, घाई करणारा, मान हलवणारा, पोथीत बघून वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि दबक्या आवाजाचा. यादी केली होती वेदपाठकांसाठी. पण आज अंधेरीतल्या नाहीतर कोथरूडमधल्या एखाद्या डबिंग स्टुडिओच्या काचेवर ती चिकटवली तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. मान हलवणारा तर माइक आल्यापासून जास्तच नडायला लागला. दिशा धरणाऱ्या माइकजवळ तोंड गेले की खर्ज फुगतो, लांब गेले की आवाज पातळ होतो, आणि एकाच वाक्यात दोन माणसे बोलल्यासारखी वाटतात. पोथीत बघून वाचण्याचा दोष मात्र आता कुणालाच टाळता येत नाही. आवाजाच्या कलाकाराला समोरचा कागद किंवा पडदा बघूनच बोलायचे असते. तो बघून बोलतोय हे ऐकणाऱ्याला कळू नये, एवढीच सगळी कसरत.

त्याच ग्रंथात चांगल्या पाठकाचे गुणही सहाच आहेत: माधुर्य, अक्षरव्यक्ती, पदच्छेद, सुस्वर, धैर्य आणि लय सांभाळण्याची ताकद. आज ज्याला आपण उच्चारांची स्पष्टता म्हणतो ती अक्षरव्यक्ती, आणि ज्याला पेस म्हणतो ती लय. या दोन्हींवर आता भरपूर बोलले जाते. कार्यशाळा होतात, चित्रफिती निघतात, ‘आवाज कमवा’ छापाच्या जाहिराती येतात. मधला पदच्छेद मात्र व्याकरणाच्या तासालाच सोडून दिलेला दिसतो. या सगळ्या विषयाचा आढावा घेताना मला सारखे जाणवत राहते ते हेच. गती बिघडणे आणि उच्चार बिघडणे या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून शिकवल्या जातात. बहुतेक वेळा त्यांचे मूळ एकच असते. वाक्य कुठे तुटते आणि कुठे जोडलेले राहते हे बोलणाऱ्याला कळलेले नसते. ते कळले नाही की माणूस चुकीच्या जागी श्वास घेतो. चुकीच्या जागी घेतलेला श्वास पुढे पुरत नाही, मग घाई होते, आणि घाईत अक्षरे गिळली जातात. शेवटी जिभेचे व्यायाम सांगितले जातात, जिभेचा काही अपराध नसताना.

भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाची मांडणी आजच्या कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा बारकाईची आहे. उर, कंठ आणि शिर ही आवाजाची तीन स्थाने. साकांक्ष आणि निराकांक्ष अशी दोन प्रकारची काकू, म्हणजे वाक्य अजून पुरे व्हायचे आहे की झाले आहे हे आवाजानेच सांगणे. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत, विलंबित हे सहा अलंकार. आणि सहा अंगे, त्यांत पहिलेच अंग विच्छेद, म्हणजे थांबा. लयीची वाटणी रसांप्रमाणे केली आहे. हास्य आणि शृंगाराला मध्यलय, करुणाला विलंबित. वीर, रौद्र, अद्भुत, बीभत्स आणि भयानक यांना द्रुत. यातला भयानक पाहण्यासारखा आहे. नवखा कलाकार भीती दाखवायची म्हटली की आवाज थरथरवत, लांबवत, सावकाश बोलतो. भरत सांगतो, घाबरलेला माणूस भरभर बोलतो. आपल्या मालिकांमधली भुताखेतांची प्रकरणे ऐकली की कोणाचे निरीक्षण जास्त पक्के होते हे समजते. साकांक्ष-निराकांक्षाचा भेद तर रोज लागणारा. ‘जो कोणी उशिरा येईल’ इथे आवाज खाली टेकवला की ऐकणाऱ्याला वाक्य संपले असे वाटते, आणि पुढचा ‘तो बाहेर थांबेल’ अनाथ होतो. मराठीतली ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘जर-तर’ची वाक्ये आवाजात बिघडतात ती याच सांध्यावर.

नेमकी गती किती असावी, हा प्रश्न कार्यशाळांत हमखास निघतो आणि उत्तरही ठरलेले असते: मिनिटाला १५० शब्द. हा आकडा इंग्रजी निवेदनाचा. मराठीला तो लावणे म्हणजे आवाजापेक्षा छपाईची मोजदाद करणे झाले. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘शेजाऱ्यांच्यासुद्धा’ हा कागदावर एकच शब्द, बोलायला सहा अक्षरे. शब्द मोजून मराठीची गती ठरत नाही. २०१९मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या एका गटाने १७ भाषा मोजल्या. काही भाषा भराभर अक्षरे टाकतात, काही सावकाश. पण दर सेकंदाला पोचणारी माहिती मात्र सगळीकडे साधारण सारखीच निघाली, सेकंदाला ३९ बिटांच्या आसपास. भरभर बोलल्या जाणाऱ्या भाषेत एकेका अक्षरावर अर्थाचे ओझे कमी असते, सावकाश बोलल्या जाणाऱ्या भाषेत जास्त. त्या १७ भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, त्यामुळे मराठीचा आकडा त्यातून काढता येत नाही. पण एक गोष्ट त्यातून घेता येते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात एका वेळी किती अर्थ मावतो याला मर्यादा आहे, आणि कलाकाराने गती राखायची ती या मर्यादेशी. आकडे, नावे, नवी माहिती आली की सावकाश. ओळखीचे, आधी सांगून झालेले आले की भरभर. एकाच वेगाने सगळे बोलणारा माणूस कितीही सावकाश बोलला तरी दमवतो.

जाहिरातीत हे अंगावर येते. ३० सेकंदांची जाहिरात मूळ हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिलेली असते, मराठी मजकूर अक्षरांनी वाढतो, पण सेकंद ३०च राहतात. मग कलाकाराला पळवतात, आणि तेही पुरले नाही की संकलक दोन वाक्यांमधले श्वास कापतो. श्वास कापलेला आवाज ऐकताना आपल्याच छातीवर दडपण येते. मजकुरातले एक विशेषण कमी केले असते तर काम झाले असते, पण विशेषण ग्राहकाने मंजूर केलेले असते आणि श्वासाला मंजुरी लागत नाही.

मराठी वाक्याची ठेवण काय आहे हा खरा गाभ्याचा भाग, आणि बाहेरून आलेले नियम इथेच उलटे पडतात. मराठीत क्रियापद शेवटी येते. नकारही शेवटी. ‘त्याने पैसे परत केले असते तर मी इथे आलो नसतो’ या वाक्याचा सगळा निकाल शेवटच्या ‘नसतो’त आहे. लिंग, वचन, काळ हेही शेपटालाच: ‘आला होता’, ‘आली होती’, ‘आले होते’ यांतला फरक शेवटच्या स्वरांवर टिकलेला. आणि माणसाच्या शरीराची रीत अशी की वाक्य पुढे सरकते तसतशी छातीतली हवा कमी होते, दाब उतरतो, आवाजाची पट्टी खाली येते, ताकद जाते. म्हणजे मराठी जिथे सर्वांत महत्त्वाचे ठेवते तिथेच शरीर सर्वांत थकलेले असते. मराठी कलाकारांचा सर्वांत सार्वत्रिक दोष कोणता असे विचाराल तर मी ‘ळ’ किंवा ‘ण’ म्हणणार नाही. वाक्याचे शेपूट गिळणे म्हणेन. ‘येणार नाही’मधला ‘नाही’ नुसता वाऱ्यावर जातो, आणि ऐकणारा येणार असे समजून बसतो.

यावर शिकवणारे बहुधा सांगतात, शेवटपर्यंत आवाज चढा ठेवा. त्याने शेवटचा शब्द ऐकू येतो खरा, पण प्रत्येक वाक्य घोषणेसारखे वाटते. जुन्या शालेय वक्तृत्वाची ती खूण आहे. उपाय सुरुवातीला आहे. पहिल्या दोन-तीन शब्दांवर अर्धा श्वास उधळायचा नाही. मराठीत जोर साधारणपणे क्रियापदाच्या लगेच आधीच्या शब्दावर येतो, म्हणून तिथपर्यंत हवा राखायची. आणि जिथे लेखकाने जोरासाठी अव्यय दिलेच आहे तिथे आवाजाने पुन्हा जोर देऊ नये. ‘मीच सांगितलं’मधला ‘च’ आपले काम करून मोकळा झालेला असतो. त्यावर आवाजही आदळला की संवाद नाटकी होतो. ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’, ‘की’, ‘ना’ ही सगळी मंडळी मराठीत आवाजाचे काम शब्दांनी करतात. हिंदीत किंवा इंग्रजीत काम करून मराठीकडे वळलेल्या कलाकारांना हे पटकन उमजत नाही. ते दुहेरी जोर देतात आणि दिग्दर्शकाला नक्की काय खटकतेय हे सांगता येत नाही.

याला जोडूनच मराठी निवेदनात एक निर्णय आधी घ्यावा लागतो: ‘केले’ की ‘केलं’? छापील गद्यात ‘झाले, गेले, सांगितले’ असते. तोंडात ‘झालं, गेलं, सांगितलं’. बातमीत ‘केले’ शोभते. कादंबरी कानात ऐकताना पानभर ‘केले’ आले की वाचणारा माणूस पाठ दाखवतो आहे असे वाटायला लागते, उलट एखाद्या जुन्या गद्याचे ‘केले’ बदलले की लेखकाचा आवाज जातो. जे ठरवायचे ते पहिल्या पानाआधी ठरवावे, आणि एकदा ठरले की तिसऱ्या प्रकरणात बदलू नये. अर्धे पुस्तक एका तऱ्हेने आणि अर्धे दुसऱ्या तऱ्हेने वाचलेली ध्वनिपुस्तके निघाली आहेत, आणि श्रोत्यांना ते कळते.

आता उच्चार. पाणिनीय शिक्षेतच एक सुंदर कल्पना आहे: वाघीण पिल्लाला दातांत धरून नेते, तशी अक्षरे धरावीत, पडू द्यायची नाहीत आणि दातही लागू द्यायचे नाहीत. दात लागणे म्हणजे काय हे जुन्या आकाशवाणी पद्धतीची नक्कल करणाऱ्यांकडे पाहिले की कळते. प्रत्येक जोडाक्षर सुटे, प्रत्येक ‘ष’ मूर्धेवर घासलेला, ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणताना ओठांची कसरत. पण त्या मूळ आकाशवाणी शैलीला एक कारण होते आणि ते फारसे कुणी सांगत नाही. मध्यम लहरींवरून जाणारा आवाज साधारण ४५०० हर्ट्झच्या पुढे पोचतच नसे. स्वरांची ताकद खालच्या भागात असते, ती पोचायची. पण ‘स’, ‘श’, ‘च’ यांची ओळख पटवणारा कंप बराचसा त्या वरच्या, कापल्या गेलेल्या पट्ट्यात असतो. त्यात खरखर, त्यात चहाच्या हॉटेलातला गलबला. तिथे व्यंजन घासून-पुसून मांडणे ही गरज होती. आज तोच निवेदक एखाद्याच्या कानात घातलेल्या इअरफोनमधून बोलतो, चार इंचांवरच्या माइकमधून, सगळा पट्टा शाबूत ठेवून. तिथे तीच काटेकोर व्यंजने टोचतात. ‘स’ शिट्टी मारतो, ‘भ’ आणि ‘फ’ यांच्या हवेने माइक फुटतो. मराठीत महाप्राण अक्षरे भरपूर, त्यामुळे माइक तोंडासमोर न ठेवता थोडा कडेला ठेवणे हे इथे इंग्रजीपेक्षा जास्त निकडीचे. स्पष्टतेची व्याख्या यंत्राबरोबर बदलते; ती कायमची ठरलेली मानणारे शिक्षक विद्यार्थ्यांना १९६०च्या रेडिओसाठी तयार करत असतात.

काही उच्चार मात्र यंत्र बदलले तरी सुटत नाहीत. देवनागरीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन उच्चार एकाच चिन्हात कोंबलेले आहेत. जगातला ‘जग’ आणि जगण्यातला ‘जग’ कागदावर सारखेच दिसतात. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांशी जाते, ‘माझी’ म्हणताना टाळूकडे. मराठी घरात वाढलेल्याला हे शिकावे लागत नाही, पण हिंदी माध्यमातून आलेल्या कलाकाराचा ‘चांगला’ पहिल्याच वाक्यात ओळखू येतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक जिभेवर नसेल तर विद्वानाला स्वयंपाकघरात पाठवले जाते. ‘दूध’, ‘वाघ’, ‘मध’ यांच्या शेवटचा महाप्राण रोजच्या बोलण्यात जवळजवळ नाहीसा होतो. तो निवेदनात किती आणायचा याचा निर्णय पात्रागणिक वेगळा. बातमीदाराचा ‘वाघ’ आणि मेळघाटातल्या गुराख्याचा ‘वाग’ दोन्ही बरोबर आहेत.

इथे एक जुना गोंधळ उपसावा लागेल. स्पष्ट आणि शुद्ध हे आपण एकच मानत आलो. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेले ‘ती फुलराणी’ १९७५मध्ये रंगमंचावर आले. नाटकाचा विषयच उच्चार. फुलराणी झाल्या भक्ती बर्वे, ज्या मुंबई दूरदर्शनवर बातम्याही देत. म्हणजे प्रमाण मराठी त्यांच्या जिभेवर होतीच. पण त्या भूमिकेची परीक्षा पहिल्या अंकात होती. फुले विकणाऱ्या मुलीची ठसकेबाज, मोडकी बोली शेवटच्या रांगेपर्यंत एकेका अक्षराने पोचली नाही तर नाटक उभेच राहत नाही. अशुद्ध समजली जाणारी भाषा स्पष्ट बोलता येते, आणि ती तशी बोलायला प्रमाण भाषेहून जास्त कसब लागते. १९८०चे ‘वस्त्रहरण’ मालवणीत होते आणि ते पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाने डोक्यावर घेतले; मच्छिंद्र कांबळी यांच्या बोलण्यातला एकेक फटका मालवणी न येणाऱ्यालाही कळत असे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’नंतर गावाकडच्या बोलीला पडद्यावर मान मिळाला. ध्वनिमुद्रणाच्या कामात मात्र अजून ‘ण’ चुकला की कलाकार बाद आणि शेपूट गिळले की ‘चालेल’. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, तो त्या बोलीचा नियम आहे. त्या बोलीतले पात्र रंगवताना तो नियम पाळणे हीच अक्षरव्यक्ती.

नाटकाचा माणूस आवाजाच्या कामाला आला की त्याला सर्वांत आधी सवयी सोडाव्या लागतात. डॉ. श्रीराम लागू स्वतः कान-नाक-घसा तज्ज्ञ. त्यांनी ‘वाचिक अभिनय’ नावाचे पुस्तक लिहिले. डॉ. अशोक रानडे यांनी आवाजाच्या जोपासनेवर आयुष्यभर काम केले, आणि त्यांच्या ‘भाषणरंग’ने व्यासपीठ आणि रंगपीठ या दोन जागा वेगळ्या करून पाहिल्या. मराठीत या विषयाची बैठक आहे, पण ती हजार माणसांना पोचणाऱ्या आवाजाची आहे. स्टुडिओची खोली ही तिसरी जागा, एका माणसाच्या कानाशी बोलण्याची, आणि तिच्यावर मराठीत अजून त्या तोलाचे लिखाण झालेले नाही. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि वक्तृत्व स्पर्धांतून येणारी मुले तयार असतात, निर्भय असतात, आणि प्रत्येक वाक्याला एकच चाल लावतात. पाणिनीय शिक्षेतला गाऊन वाचणारा आज इथे घडतो. चाल म्हणजे पदच्छेद चुकवण्याची पळवाट: अर्थ कळो न कळो, ठरावीक जागी चढायचे आणि ठरावीक जागी उतरायचे.

त्याउलट जुन्या नभोनाट्यांनी आणि कौटुंबिक संवादांच्या कार्यक्रमांनी हे प्रकरण सहज हाताळले होते. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी बोलायचे तेव्हा टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत घरातच बसले आहेत असे श्रोत्यांना वाटे. एका माइकभोवती उभे राहून, कागदाचा आवाज न करता, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत केलेले ते काम. लोक बोलताना एकाचे संपले की दुसरा साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुरू होतो. २००९मध्ये दहा भाषांचा अभ्यास झाला तेव्हा सरासरी तेवढीच निघाली. एकत्र उभे राहून बोलताना ही वेळ आपोआप साधते. आता प्रत्येक जण वेगळ्या दिवशी येऊन आपले संवाद एकट्याने बोलून जातो, आणि मधली वेळ संकलक बसवतो. संवादाची लय कलाकाराच्या हातातून निघून गेली आहे. अशा कामात समोरच्याचे वाक्य मनात पूर्ण ऐकून मगच आपले सुरू करणे एवढे तरी करावे, म्हणजे निदान स्वराची सुरुवात उत्तराची वाटते, घोषणेची नाही.

थांब्याचे तसेच. विजय तेंडुलकरांच्या नाटकांत टिंबांची रांग असते, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे बोलता बोलता जिथे अडते तिथे टिंबे आहेत, आणि त्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी घडत असते. ते काय घडते हे न कळता घेतलेला थांबा नुसती रिकामी वेळ. थांब्याची लांबी ऐकणाऱ्याला जाणवत नाही, थांबण्याआधीचा स्वर जाणवतो. स्वर वर टांगलेला असेल तर दोन सेकंदही कमी पडतात. खाली टेकला असेल तर अर्धा सेकंद जास्त होतो. स्वल्पविराम डोळ्यासाठी असतो. तो दिसला की थांबायचे, ही शाळेतली सवय मोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

डबिंग हा या विषयातला सर्वांत गाजणारा भाग, म्हणून त्यावर थोडक्यात. तिथे गती कलाकाराची नसतेच, पडद्यावरच्या ओठांची असते. ‘प, फ, ब, भ, म’ला ओठ मिटतात, मूळ नटाचे ओठ मिटलेले दिसले आणि मराठीत तिथे ‘आ’ आला तर प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येत नाही पण खोटे वाटते. खरी पंचाईत शब्दक्रमाची. इंग्रजी नट मधल्या शब्दावर मूठ आपटतो, मराठीत तो शब्द शेवटी जातो आणि मूठ ‘तुला’वर आपटली जाते. मराठीचा शब्दक्रम लवचिक आहे हे इथे वरदान ठरते: ‘सोडणार नाही मी तुला’ म्हटले की क्रियापद मुठीखाली येते. चांगला डबिंग लेखक हे कागदावरच सोडवून देतो. वाईट लेखकाचे पाप कलाकाराला वेग वाढवून फेडावे लागते. ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला शरद केळकर यांचा आवाज आहे, ‘पुष्पा’त अल्लू अर्जुनला श्रेयस तळपदे यांचा. केळकरांनी लहानपणापासून आपण बोलताना अडखळत असू हे मुलाखतींतून स्वतःच सांगितले आहे. बाहुबलीच्या संवादांतले त्यांचे थांबे पुन्हा ऐकावेत. एकही थांबा उगाच भारदस्तपणासाठी घेतलेला नाही.

ध्वनिपुस्तकांनी प्रश्न आणखी वेगळ्या जागी नेला. स्टोरीटेल हे ध्वनिपुस्तकांचे ॲप २०१७मध्ये भारतात आले तेव्हा इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी पहिल्यापासून होती. दहा-बारा तासांचे पुस्तक वाचताना पहिल्या दिवशीचा आवाज आठव्या दिवशी सापडत नाही. सकाळचा खर्ज संध्याकाळी राहत नाही. मधल्या एका चुकलेल्या वाक्याची दुरुस्ती महिन्याने केली तर ते वाक्य ठिगळासारखे वेगळे ऐकू येते. आणि आता श्रोता वेग स्वतः ठरवतो. सव्वापट, दीडपट. कलाकाराने जीव ओतून घेतलेला थांबा त्याच्या बोटाखाली आक्रसतो. तरीही आधीपासून भरभर वाचावे असे मला वाटत नाही. वेग वाढवल्यावर तुकड्यांची आखणी टिकते, मिसळलेली अक्षरे टिकत नाहीत. ज्याचा पदच्छेद पक्का आहे त्याचे वाचन दीडपटीतही कळते. ज्याने अक्षरे एकमेकांत घुसवली आहेत त्याचे सव्वापटीलाच सांबार होते.

मग सरावाचे काय? दातांत पेन्सिल धरून वाचणे, ‘कच्चा पापड पक्का पापड’ हे सर्वांना ठाऊक आहे. जबडा सैल करायला पहिले बरे, हसायला दुसरे. पण असल्या वाक्यांतली अक्षरांची टक्कर खऱ्या मजकुरात क्वचित येते. कलाकार अडखळतात ते ‘त्यांच्यापर्यंत’, ‘असल्यामुळे’, ‘करण्यात येणार असल्याचे’ अशा रोजच्या, कंटाळवाण्या शब्दांत. त्यापेक्षा वाक्य शेपटाकडून बांधण्याचा सराव मराठीला जास्त मानवतो. आधी फक्त ‘नव्हती’. मग ‘बोलायची हिंमत नव्हती’. मग ‘कुणाचीच बोलायची हिंमत नव्हती’. मग ‘त्या घरात आल्यावर कुणाचीच बोलायची हिंमत नव्हती’. शेवटचा शब्द चार वेळा पूर्ण ताकदीने म्हणून झालेला असतो, त्यामुळे लांब वाक्यातही जीभ तिकडे ओढली जाते आणि श्वास आपोआप वाटला जातो. दुसरा उपाय कुजबुजून वाचण्याचा. आवाज काढून घेतला की स्वरांचा आधार जातो आणि कोणती व्यंजने आपण नुसतीच सुचवत होतो हे उघडे पडते. पण दोन-तीन मिनिटांच्या वर नको, घशाला ताण पडतो. तिसरा उपाय सर्वांत नीरस आणि सर्वांत उपयोगी: केलेले ध्वनिमुद्रण लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी, मजकूर समोर न ठेवता ऐकणे. मजकूर समोर असला की डोळा कानाची चूक झाकतो.

तोंडातले टिचटिच आवाज थांबवायला हिरवे सफरचंद खाण्याचा उपाय स्टुडिओत सर्रास सांगितला जातो. त्याने लाळ पातळ होते, काही वेळ फायदाही होतो. ओंकार, वाफ, ज्येष्ठमध यांवर प्रत्येकाची श्रद्धा असते आणि ती मोडण्याचे कारण नाही. पण आवाज सतत बसत असेल तर काढे बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरला स्वरतंतू दाखवावेत. चुकीच्या श्वासाने रेटून केलेल्या कामाच्या गाठी तिथेच उठतात.

कृत्रिम आवाजांची चर्चा आता प्रत्येक बैठकीत निघते. ते आवाज थकत नाहीत, ‘स’ची शिट्टी मारत नाहीत, ‘नाही’ गिळत नाहीत. ‘च’चे दोन उच्चार आणि ‘करतो’मधला न उच्चारला जाणारा ‘अ’ यांवर ते अडतात, पण भरपूर ऐकवले की हे शिकतील. रेल्वेच्या घोषणा, बँकेचे निरोप, वापराच्या सूचना ही कामे गेलीच असे समजावे. राहील ते काम जिथे वाक्य कुठे तोडायचे हा अर्थाचा आणि मताचा प्रश्न आहे.

आणि नेमक्या त्याच कामाला वेळ दिला जात नाही. मजकूर बहुतेक वेळा स्टुडिओत पोचल्यावर हातात पडतो. मानधन तयार झालेल्या मिनिटावर, त्यामुळे मजकूर वाचून समजून घेण्यात गेलेला तास कुणाच्याच हिशेबात येत नाही. स्टुडिओचे भाडे तासावर, म्हणून निर्मात्यालाही घाई. अर्थ न कळता वाचणारा कलाकार हा बऱ्याचदा या व्यवस्थेने घडवलेला असतो. आदल्या दिवशी मजकूर पाठवणे, त्यात गावांची, माणसांची, परकी नावे कशी म्हणायची ते लिहिणे, ‘केले’ की ‘केलं’ ते ठरवून देणे आणि वीस मिनिटे एकत्र बसून मोठ्याने वाचणे, याला पैसे फारसे लागत नाहीत. चुकून पुन्हा घ्यावी लागणारी वाक्ये कमी झाली तर स्टुडिओचे भाडेही वाचते. मराठी ध्वनिपुस्तके काढणाऱ्यांनी मानधनाच्या करारात वाचनाचा तास वेगळा धरावा, ही मागणी कलाकारांनी आता लेखी करायला हवी.